सुरतेहून आलेलं गार हवेचं मशीन

गेल्या उन्हाळ्यात दिराने सुरतेहून आणलेलं ते मशीन गाडीतून उतरवलं तेव्हा मला वाटलं, याने आईसाठी कपडे धुवायचं यंत्र आणलं. कमरेएवढं उंच, पांढरंशुभ्र, खाली चाकं, आणि मागे मांडीएवढी जाड एक घड्याघड्यांची नळी. "एसी शे, वहिनी," तो म्हणाला. "भिंतले भोक पाडानं काम नही. कठे बी सरकावा." नळी खिडकीतून बाहेर काढायची, त्यातून गरम हवा बाहेर जाते आणि पुढून गार हवा खोलीत येते, असं त्याने मला समजावलं. मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, एसी कसा चालतो ते मला माहीत आहे. पण दीर वर्षातून एकदा येतो आणि येतो तेव्हा शिकवायलाच येतो, म्हणून मी मान डोलावली.

आमचं घर लोणखेड्याला. मागे केळी, पुढे रस्ता, आणि एप्रिलपासून डोक्यावर असा सूर्य की दुपारी नळ सोडला तर हात पोळतो. सासूबाईंची खोली पश्चिमेला, म्हणजे संध्याकाळपर्यंत ती खोली तव्यावर असते. सगळ्या घरात मिळून गारव्याची सोय म्हणजे एक लोखंडी कूलर, तो आमच्या लग्नाआधीचा, आणि चालताना एवढा आवाज करायचा की त्याच्यासमोर भांडण करायचं तर हातवारे करून करावं लागायचं. मशीन आलं आणि कूलर माळ्यावर गेला. दिराने मशीन लावून दिलं, आईच्या खाटेजवळ उभं राहून फोटो काढले, सगळ्या नातेवाइकांना पाठवले आणि तिसऱ्या दिवशी सुरतेला निघून गेला. मागे राहिलो आम्ही, मशीन आणि विजेचं बिल.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्यांचं वय सत्तरीपुढे, हाडं मजबूत, जीभ त्याहून मजबूत. घरातलं काहीही टाकून द्यायचं म्हटलं की त्यांच्या पोटात दुखतं. कान तुटलेली कढई, दांडा नसलेली गाळणी, गेल्या पिढीतल्या कुलपांच्या किल्ल्या, सगळं त्यांच्या खाटेखाली नांदतं. दोन वर्षांपूर्वी त्या डोळे तपासायला शहाद्याला गेल्या आणि येताना मांडीवर पिंजरा घेऊन आल्या. एसटी स्टँडवर सायकलवर पाखरं विकणारा एक जण उभा होता, त्याच्याकडून घेतली म्हणे. कंडक्टर पाखरांचं तिकीट मागत होता, आत्यांनी त्याला विचारलं की ही चार मिळून एका सीटवर बसली आहेत का. तो बिचारा पुढे गेला.

ही पाखरं म्हणजे ते छोटे रंगीत पोपट, आमच्याकडे सगळे त्यांना लव्हबर्ड म्हणतात. दोन हिरवी, एक निळं, एक पिवळं. लव्ह मला त्यांच्यात आजतागायत दिसलेलं नाही. दिवसभर एकमेकांची शेपटं ओढणं, राळ्याचे दाणे उडवणं आणि घाण करणं, एवढाच त्यांचा संसार. मला पाखरांचं काडीचं कौतुक नाही, हे इथेच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जे केलं ते कुठल्या भूतदयेपोटी केलं असं कोणाला वाटायला नको. पण आत्या त्यांच्याशी बोलायच्या. आमच्याशी बोलायच्या त्यापेक्षा जास्त, आणि आवाज पुष्कळच मऊ करून. त्याच उन्हाळ्यात पाखरं चोची उघडून धापा टाकायला लागली तेव्हा आत्यांनी पिंजरा आपल्या खोलीत घेतला, मशीनच्या समोर, खाटेच्या पायथ्याशी. तिथे ती राहिली.

यंदा मार्चअखेर आत्यांना खोकला सुरू झाला. आधी सकाळी, मग सकाळ-संध्याकाळ, मग असा की भिंतीपलीकडे आम्हाला झोप लागेना. हळद झाली, काढा झाला, शेजारणीने सांगितलेला ओव्याचा शेक झाला. शेवटी शहाद्याच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली आणि विचारलं, घरात पक्षी आहेत का. नवरा एकदम खुर्चीत सरळ बसला. आहेत म्हणाला, चार आहेत, खोलीतच आहेत, उशापायथ्याशीच आहेत. डॉक्टर म्हणाले, मग पिसांची आणि विष्ठेची धूळ जाते छातीत, या वयात ते चांगलं नाही, पक्षी हलवा. डॉक्टर चुकीचं बोलले असं मी म्हणत नाही, पाखरांनी असा त्रास होतो. पण त्यांना मशीनचं काही सांगितलंच नव्हतं. मी तिथेच बसले होते, माझ्या डोक्यात आलं नाही, आणि आत्या गप्प बसल्या.

नवऱ्याला मुळात पाखरं नकोच होती. पहाटे शेतावर जायला उठणाऱ्या माणसाला रात्रभर किलबिल ऐकून काय वाटत असेल ते मी समजू शकते. दवाखान्यातून घरी येईपर्यंत त्याने गिऱ्हाईक शोधलं होतं. पुरुषोत्तमनगरच्या कॉलनीत त्याच्या ओळखीचे एक गृहस्थ, त्यांच्या नातवंडांना पाखरं हवीच होती, ते रविवारी दुपारी येऊन पिंजऱ्यासकट घेऊन जाणार. फुकट. नवऱ्याने हे आईला सांगितलं तेव्हा मी कणीक मळता मळता कान टवकारले, कारण आता दंगल होणार अशी माझी खात्री होती.

"दी टाका," आत्या म्हणाल्या. "माले काय करनं शे पाखरेसनं?"

झालं, एवढंच. दांडा नसलेली गाळणी न देणारी बाई चार जिवंत पाखरं द्यायला एका शब्दात तयार झाली. नवरा खूश झाला. मी मात्र कणकेचा गोळा हातात घेऊन उभी राहिले, कारण बावीस वर्षांत या बाईने माझी एक गोष्ट एका शब्दात मान्य केली नव्हती. रात्री ताट घेऊन खोलीत गेले तर आत्या पिंजऱ्याच्या दारातून बोट आत घालून बसल्या होत्या आणि ते पिवळं पाखरू त्या बोटावर बसलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो, तसा तो आला. कोणाचा ते कळलं नाही.

शुक्रवारी सकाळी मी आत्यांच्या खोलीत चादर बदलायला गेले आणि वाकले ती नेमकी मशीनच्या तोंडासमोर. मशीन चालू होतं. नाकात असा वास गेला की मी दोन पावलं मागे सरले. पावसाळ्यात कोपऱ्यात राहून गेलेल्या ओल्या पोत्याला येतो तो वास. मी बटण बंद केलं, प्लग काढला, मशीन फिरवलं आणि मागची जाळी उचकटून पाहिली. आत काळ्या-हिरव्या ठिपक्यांचा गालिचा पसरला होता. जाळीवर, जाळीमागच्या पत्र्याच्या पातळ पट्ट्यांवर, खालच्या पाण्याच्या कप्प्याशी, सगळीकडे बुरशी. म्हणजे आत्या आणि चार पाखरं रोज रात्रभर ही हवा छातीत भरून घेत होती, आणि दोष पाखरांवर जात होता. मी तसाच प्लग काढलेला ठेवला आणि खिडकी उघडली. आत्यांना म्हटलं की हे चालू करायचं नाही. त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

इथे मी एक चूक केली. मला अकरावीच्या परीक्षेची ड्यूटी होती, घाई होती, म्हणून नवऱ्याला फोन करून सांगितलं की मशीनमध्ये बुरशी झाली आहे, खोकला पाखरांचा नसून त्याचा आहे, उद्या पेपर झाला की मी साफ करते, तोपर्यंत हात लावू नका. माझं सगळं बोलणं बरोबर होतं. फक्त केळीच्या बागाईतदाराशी बोलताना बुरशी हा शब्द वापरायचा नसतो. आमच्याकडे बुरशी म्हटलं की माणूस फडकं शोधत नाही, बाटली शोधतो.

शनिवारी दुपारी पेपर संपवून घरी आले. फाटक उघडलं तर ओट्यावर आत्या एकट्या बसलेल्या, भर उन्हाच्या झळीत, पदर डोक्यावरून पुढे ओढलेला. "तुम्ही बाहेर काबं बठ्यात?" मी विचारलं. त्यांनी हाताने आत दाखवलं. मी चप्पल न काढता आत गेले.

आत्यांच्या खोलीच्या दारात नवरा उभा होता. पाठीवर बॅटरीचा फवारणीचा पंप, अंगात लांब बाह्यांचा जुना शर्ट, नाकातोंडाला रुमाल घट्ट बांधलेला, हातात फवाऱ्याची नळी, आणि नळीचं तोंड मशीनच्या उघड्या पाठीकडे. पायाशी बुरशीनाशकाची बाटली होती, केळीवर करपा आला की मारतात तीच. खाटेच्या पायथ्याशी पिंजरा. आतली पाखरं एकाच दांडीवर चिकटून बसली होती. स्वतःच्या नाकाला रुमाल बांधायची अक्कल या माणसाला होती, म्हणजे आपण काय मारतो आहोत ते त्याला माहीत होतं.

मी त्याच्या आणि मशीनच्या मधे जाऊन उभी राहिले. "काय करी ऱ्हायनात?"

"बुरशी शे ना? मंग बुरशीनाशकच मारनं पडी. त्यामा काय इचारनं?"

"हाई केळी नही शे. हाई मशीन शे. चालू करं का हाईच तुम्हनी मायना नाकमा जाई."

"माय बाहेर बठेल शे."

"अन् रातले माय कठे जपस? केळीमा?"

त्याने पंपाचा पट्टा खांद्यावर सावरला. मग म्हणाला की पानावर डाग दिसला की तो मारतो, दोन दिवसांत पान साफ, आणि ती केळी लोक खातातच ना, कोणी मेलं का.  मी पिंजऱ्याकडे बोट केलं. "अन् पाखरं?"

"पाखरं रईवारले जानारच शेतस."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आज मारायची आणि उद्या द्यायची, म्हणजे त्या नातवंडांना काय आपण मेलेली पाखरं देणार होतो? मी त्याला सांगितलं, पहिले माले फवारा, मग मशीनले. पाखराची छाती माझ्या अंगठ्याएवढी, तिच्यात हे गेलं तर संध्याकाळपर्यंत चारही पिंजऱ्याच्या तळाशी आडवी पडतील. शिवाय या पंपात गेल्या हंगामात कपाशीवर काय काय मारलं होतं ते मला पाठ आहे. "पंप धोयेल शे," तो म्हणाला. मी म्हटलं, ज्या माणसाने धुतला त्याचा चहाचा कप मी रोज पुन्हा धुते. वीस वर्षं मी पोरांना शिकवते की कोणतं रसायन कुठे वापरायचं. या घरात माझ्या शास्त्राचा उपयोग एवढाच की सिलिंडरचा वास आला की मला हाक मारतात.

त्याने पंप उतरवला. हरला म्हणून नव्हे, वरच्या कोर्टात जायला. सुरतेला फोन लावला, स्पीकरवर. माझ्या दिराला जगातल्या प्रत्येक मशीनचं ज्ञान आहे, फक्त ते मशीन त्याच्या समोर नसावं लागतं. बुरशी ऐकल्याबरोबर तो म्हणाला, सोपं आहे, आधी संडास धुवायचं ऍसिड मारा, मग ब्लीचिंग पावडरचं पाणी मारा, पुन्हा बुरशी येणार नाही. मी म्हटलं, बुरशी येणार नाही हे खरं, कारण घरात श्वास घेणारं कोणी उरणार नाही. ती दोन एकत्र आली की जो वायू निघतो तो मी प्रयोगशाळेत खिडक्या उघडल्याशिवाय पोरांना हुंगूही देत नाही. पाखरं तर पहिल्या झटक्यात जातील, मागून आत्या, मागून फवारणारा.  मग दीर म्हणाला, "वहिनी म्हनस तसं करा."

नवऱ्याने एक अट मात्र सोडली नाही. पुरुषोत्तमनगरच्या गृहस्थांना तो येऊ नका म्हणणार नाही. मशीन बंद ठेवून आणि साफ करूनही आई खोकत असेल, तर रविवारी पाखरं जातील, आणि मी मधे पडायचं नाही. मी हो म्हटलं. आईचा खोकला त्यालाही ऐकवत नव्हता, हे मला दिसत होतं. एवढंच की त्याला प्रेम करता येतं ते पंप पाठीला लावून.

त्या संध्याकाळी माळ्यावरून जुना कूलर उतरवला. त्याचं गवत बदललं, पाणी भरलं आणि तो पुढच्या खोलीत लावला. आत्यांची खाट तिथे, पिंजरा तिथे, पण कूलरच्या थेट झोतात नाही, बाजूला. मशीनच्या खोलीचं दार लावलं आणि दाराच्या फटीला ओलं फडकं लावलं, म्हणजे बुरशीची धूळ इकडे यायला नको. कूलर सुरू झाला आणि घर पुन्हा एकदा पिठाच्या गिरणीत गेलं. सकाळी मी उठले तर आत्या अजून झोपलेल्या. त्या कूलरच्या आवाजात खोकला ऐकू आला नसेल म्हणावं, तर नवरा म्हणाला की तो मधे दोनदा उठून जवळ जाऊन बसला होता. एकदा खोकल्या, पाणी प्यायल्या आणि झोपल्या. शुक्रवारपासून मशीन बंद होतं त्याचा हा गुण, हे त्यालाही कळलं होतं. फक्त कबूल करायचं बाकी होतं, आणि ते आमच्याकडे लगेच करत नाहीत.

ऊन चढायच्या आत साफसफाईला घेतलं. मशीन चाकांवर ढकलत मागच्या अंगणात नेलं, पाखरांपासून घराच्या दुसऱ्या टोकाला. प्लग काढलेला आहे ना ते मी पुन्हा पाहिलं, आणि तरीही नवऱ्याने एकदा पाहिलं. दोघांनी नाकाला कापड बांधलं. खालचं बूच काढल्यावर जे पाणी आलं त्याचं वर्णन मी करत नाही, जेवणाची वेळ असेल कोणाची. जाळ्या काढल्या. बुरशी कोरडी खरवडायची नाही, ओल्या फडक्याने उचलायची, नाहीतर ती हवेत उडते आणि आपल्याच छातीत बसते. हे मी सांगितलं तेव्हा नवऱ्याच्या हातात नारळाची करवंटी होती. ती मी काढून घेतली. जाळ्या कोमट पाण्यात, भांडी घासायच्या साबणात भिजवल्या. तोच साबण, दुसरं काही नाही, ना वासाचं फिनेल, ना नंतर अगरबत्ती. पत्र्याच्या पट्ट्यांवर मी जुन्या मऊ ब्रशने वरून खाली, हलक्या हाताने साबणाचं पाणी फिरवलं, कारण त्या जरा दाबल्या तरी वाकतात. नवरा बादल्या आणत होता. केळीची फणी हाताळणाऱ्याचा हात नाजूक असतो, पण ते त्याला बायकोसमोर दाखवायचं नव्हतं.

मागची मोठी जाळी घासताना माझ्या ब्रशमध्ये धागे अडकले. आधी वाटलं कोळ्याचं जाळं. ओढून पाहिलं तर सुताचे धागे, निळे. जाळीच्या कडेला आणखी होते, बुरशीत रुतून बसलेले, आणि एका खाचेत बोटभर रुंद कापडाची चिंधी. ती मी ओळखली. आत्यांच्या जुन्या निळ्या लुगड्याची. ते लुगडं फाडून आत्यांनी त्याची फडकी केली होती, मीच कात्री दिली होती. मशीन हवा आत घेतं त्या जाळीवर कोणीतरी ओलं फडकं टाकत होतं, एकदा नव्हे, पुष्कळ दिवस. म्हणून ही ओल, म्हणून ही बुरशी. कूलरवर वाढलेल्या माणसाच्या हिशेबात हवा गार व्हायची तर ती ओल्यातून यायला हवी, कोरड्या डब्यातून गार हवा कशी येणार?

मी चिंधी हातात घेतली आणि पुढच्या खोलीत गेले. आत्या उठून पाखरांना राळे घालत होत्या. कूलर त्या दिशेने वारा टाकत होता. "आत्या, हाई काय शे?" मी विचारलं. त्यांनी चिंधीकडे पाहिलं, मग दाराकडे, मग राळ्याच्या वाटीकडे.  मी तशीच उभी राहिले, मला सवय आहे, पोरंही असाच वेळ काढतात.

"थंड व्हत नव्हतं वं," त्या म्हणाल्या. "दुपारले तं नुसती धग. मी मंग फडकं ओलं करीसन टाकू."

"मंग सांगं काबं नही? तो फोन करस तवय त्याले तं सांगतस, भलतं थंड करस म्हनीसन."

"तो येस वरीसमा एक डाव," आत्या म्हणाल्या. "इतलं जड धूड उचलीसन लई उना मायसाठे. त्याले कसं सांगू, हाई थंड व्हत नही?"

"अन् वास? खोकला? डॉक्टरले बी नही सांगं. पाखरं दी टाकत व्हत्यात तुम्ही, आत्या."

"पाखरं मन्हा शेतस," त्या म्हणाल्या. "मी देसू नही तं ठेवसू. मशीन त्यानं शे."

मला संताप आला. मला त्या क्षणी ती चिंधी जमिनीवर आपटावीशी वाटली. कारण माझ्या मनात आलं की धाकट्याचं मन मोडू नये म्हणून ही बाई छाती फुटेपर्यंत खोकली, जिवाची पाखरं द्यायला तयार झाली, आणि मोठा, जो रोज तिच्या पायाला तेल लावतो, दवाखान्यात नेतो, रात्री उठून तिच्या श्वासाला कान लावतो, त्याच्यासाठी ती कधी एक खोटं बोलली नाही. त्याची भाजी खारट झाली की खारट, त्याने आणलेली चप्पल चावली की चावते, त्याचं केळीचं पीक बुडालं की गावभर सांगून मोकळी. मी हे सगळं बोलणार होते. वळले तर दारात नवरा उभा होता. हातात बादली, नाकावरचं कापड गळ्यात उतरलेलं. कधीपासून उभा होता कोण जाणे.  "जाळ्या सावलीमा वाळत घालू का उनमा?" एवढं म्हणाला. मी म्हटलं, सावलीत.

दुपारी पुरुषोत्तमनगरचे गृहस्थ मोटारसायकलवर आले, पिंजऱ्यावर टाकायला चादरही घेऊन आले होते. नवरा फाटकापर्यंत गेला. पाखरं द्यायची नाहीत, असं सांगून त्याने त्यांना केळीच्या दोन मोठ्या फण्या दिल्या आणि नातवंडांना त्या द्यायला सांगितल्या. ते गृहस्थ हसत गेले की चिडून, मला ओट्यावरून दिसलं नाही. आत्यांनी विचारलं कोण आलं होतं, तो म्हणाला, कोणी नाही.

मशीन पूर्ण वाळायला संध्याकाळ झाली. मग ते खोलीत नेऊन, दोन्ही खिडक्या उघड्या ठेवून त्याचा नुसता पंखा चालवला, गारवा बंद, आणि आत कोणी नाही. तासाभराने मी जाळीला नाक लावलं. काही वास नव्हता, साबणाचासुद्धा. तरी मी आत्यांना म्हटलं की आज पाखरं कूलरपाशीच राहू द्या, उद्या पाहू. त्यांना तेच हवं होतं, कूलरच्या त्या भयंकर आवाजात त्या दुपारी पुन्हा दोन तास झोपल्या होत्या.

आठ वाजता दिराचा व्हिडिओ फोन आला. रविवारचा ठरलेला. मी फोन उचलायला धावलेच, आज मी त्याला सगळं सांगणार होते, मशीन, फडकं, खोकला, आणि त्याच्या संडासच्या ऍसिडसकट. आत्या खाटेवर बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या कधी कोणाला विनवत नाहीत, मलाही विनवलं नाही, पण राळ्याची वाटी त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरली. मी फोन घेऊन तशीच थांबले, आणि नवऱ्याने तो माझ्या हातातून काढून घेतला.

"साफ झायं का दादा?" दिराने विचारलं.

"झायं. मशीन एक नंबर शे, भो. मन्हीच चुकी व्हती. जाळी धोवाले पाहिजे व्हती, मी ध्यान नही दिधं."

मग दिराने त्याला फैलावर घेतलं. इतकं महाग मशीन, आठवड्यातून एकदा जाळी धुवायची असते, मी सांगून गेलो होतो, तुम्हा लोकांना वस्तू वापरता येत नाही, मायचे तिथे हाल होतात आणि तुला शेताशिवाय काही दिसत नाही. नवरा ऐकत होता. मधे मधे हां, हां म्हणत होता. पन्नाशीचा माणूस, धाकट्या भावाचं बोलणं खाली मान घालून खात होता, आणि मी बावीस वर्षांत त्याला एवढं गप्प बसलेलं पाहिलं नव्हतं. "आते धोत जासू," तो शेवटी म्हणाला. मग त्याने फोन आईसमोर धरला. दीर म्हणाला, माय, आता थंड लागतं ना. आत्यांनी आधी फोन धरणाऱ्या मोठ्याकडे पाहिलं. मग हो म्हणाल्या.

फोन बंद झाल्यावर खोलीत फक्त कूलर बोलत होता. आत्यांनी वाटी खाली ठेवली. "तू काबं आंगवर ली लिधं?" त्यांनी विचारलं. कूलरमुळे त्यांना ओरडून विचारावं लागलं, त्यामुळे ते सगळ्या घराने ऐकलं.

"तो बी तुन्हाच पोऱ्या शे," नवरा म्हणाला. "तू त्यानं मन राखं, मी तुन्हं राखं. आन् मी कोन शे मंग?"

 आत्या खाटेवर जरा भिंतीकडे सरकल्या आणि शेजारची जागा हाताने झटकली, आणि माझा नवरा, शेतातल्या मातीच्या पायजम्यासकट, तिथे जाऊन बसला. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, पंपाचे पट्टे जिथे रुततात तिथून. मला रडू आलं. मी भाकरी टाकायच्या आहेत असं सांगून आत गेले आणि पीठ मळायला घेतलं.